पीएमई परिषदांचा इतिहास: नुसती गावांची यादी मिळतेय, त्यामागचं सूत्र काय?

अपूर्णांक

नमस्कार मंडळी, इथे गणितशिक्षणातली जाणकार माणसं आहेत म्हणून विचारतेय. माझं पीएचडीचं काम गुणोत्तर-प्रमाणावर चालू आहे, मुलं प्रमाणाचा विचार कसा करतात आणि नेमकी कुठे अडखळतात ते. संदर्भ शोधायला बसलं की जवळपास प्रत्येक चांगल्या पेपरखाली पीएमई परिषदेचा अमुक खंड, तमुक पान असं येतंच. पूर्ण नाव इंटरनॅशनल ग्रुप फॉर द सायकॉलॉजी ऑफ मॅथेमॅटिक्स एज्युकेशन. गाईड म्हणाले, जिचा एवढा आधार घेतेस त्या परिषदेचा इतिहास दोन पानांत लिहून आण.

आता इतिहास म्हणून हाताला काय लागतं, तर यादी. १९७७ उट्रेख्त, १९७८ ओस्नाब्र्युक, १९७९ वॉरिक, मग बर्कली, ग्रनोबल, अँटवर्प असं करत करत २०२५ ला चिलीतलं सांतियागो. ही यादी मी तशीच उतरवून दिली तर त्याला कोणी इतिहास म्हणणार नाही. मला कळत नाहीये ते असं की एक तर ही परिषद एवढी उड्या मारत का फिरते, कधी सिडनी कधी हंगेरी कधी मेक्सिको, यात काही ठरवलेलं आहे की जो बोलवेल त्याच्याकडे? दुसरं म्हणजे नावात सायकॉलॉजी आहे पण अलीकडचे खंड उघडले तर भाषा, मुली आणि गणित, शिक्षकांचं प्रशिक्षण, समाज असले विषय जास्त दिसतात, मग मानसशास्त्र गेलं कुठे? आणि तिसरं अगदी व्यवहारातलं, एकाच वर्षाच्या परिषदेला कुठे २७ वी म्हटलंय, कुठे २५ वी, मी कोणता आकडा लिहू?

लघुकोन

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, दुसऱ्यावर इथे माझ्यापेक्षा जास्त वाचलेली मंडळी आहेत.

सुरुवात १९७७ पासून करू नका, थोडं मागे जा. गणितशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग, म्हणजे आयसीएमआय, १९०८ पासून आहे, पण १९६७ ते १९७० या काळात हान्स फ्रॉयडेन्थाल त्याचे अध्यक्ष होते तेव्हा त्यात खरी हालचाल झाली. हा माणूस टोपॉलॉजीतला मोठा गणिती, आणि शाळेतल्या गणिताकडे तितक्याच गांभीर्याने बघणारा. १९६८ ला त्यांनी गणितशिक्षणाच्या संशोधनाचं जर्नल सुरू केलं, १९६९ ला फ्रान्समधे लियॉनला पहिली आयसीएमई, म्हणजे या आयोगाची गणितशिक्षणावरची आंतरराष्ट्रीय काँग्रेस, भरली. दुसरी १९७२ ला इंग्लंडमधे एक्झेटरला, तिथे गणित शिकण्याच्या मानसशास्त्रावर एक गट बसला आणि त्याचं काम बघितलं एफ्राइम फिशबाइन यांनी. ते मूळचे रोमानियाचे, पुढे तेल अवीव विद्यापीठात. तो गट तिथेच विरघळून गेला नाही हे महत्त्वाचं, कारण काँग्रेसमधे असे गट बसतात आणि लोक घरी गेले की संपतात. १९७६ ला कार्ल्सरुहेच्या तिसऱ्या काँग्रेसमधे त्याच मंडळींनी पीएमई स्थापन केली, फिशबाइन पहिले अध्यक्ष झाले, आणि चार वर्षं थांबायचं नाही, दरवर्षी भेटायचं असं ठरलं. पुढच्याच वर्षी उट्रेख्त, म्हणजे फ्रॉयडेन्थाल यांचंच गाव.

आता उड्या. आयसीएमई दर चार वर्षांनी असते ना, त्या वर्षांपुढे पीएमईची गावं ठेवून बघा. १९८० ला काँग्रेस बर्कलीत, पीएमईही बर्कलीत. १९८४ काँग्रेस अॅडलेडला, पीएमई सिडनीला. १९८८ बुडापेस्ट, तर पीएमई हंगेरीतच वेस्प्रेमला. १९९२ ला काँग्रेस क्यूबेकला आणि पीएमई सीमेपलीकडे न्यू हॅम्पशायरमधे डरहमला. १९९६ सेव्हिया आणि व्हॅलेन्सिया, २००० टोकियो आणि हिरोशिमा, २००४ कोपनहेगन आणि बर्गन, २००८ माँटेरे आणि मोरेलिया, २०१२ सेऊल आणि तैपेई, २०१६ हॅम्बर्ग आणि सेगेद, २०२४ सिडनी आणि ऑकलंड. म्हणजे जगाच्या त्या टोकाला एकदा जाणारा माणूस एकाच प्रवासात दोन्ही करू शकतो. मधल्या तीन वर्षांत मात्र जे विद्यापीठ जबाबदारी घेईल तिथे, त्यामुळे तिथे असं सूत्र शोधू नका.

आकड्याचं सोपं आहे. २०१९ पर्यंत सालातून १९७६ वजा करा, जे उरेल तो परिषदेचा क्रमांक. १९९५ असेल तर १९ वी, २००६ असेल तर ३० वी. २०२० ला थायलंडमधे खोन केनला ४४ वी व्हायची होती ती कोविडमुळे एक वर्ष पुढे गेली (शांघायची काँग्रेससुद्धा तशीच २०२१ ला गेली), म्हणून २०२१ पासून १९७७ वजा करायचे. तुमचा २७ आणि २५ चा घोळ २००३ च्या होनोलुलूचा असणार. पीएमईची एक उत्तर अमेरिकी शाखा आहे, पीएमई-एनए, तिची स्वतःची वार्षिक परिषद १९७९ पासून चालू आहे आणि तिचे क्रमांक वेगळे. होनोलुलूला दोघींची एकत्र झाली, मूळ पीएमईची २७ वी, शाखेची २५ वी, दोन्ही बरोबर. २००८ ला मोरेलिया आणि २०१४ ला व्हँकुव्हर इथेही तसंच. एकत्र असेल तर दोन्ही क्रमांक लिहा. आणि एरवी संदर्भ देताना खंड मूळ पीएमईचा आहे की शाखेचा हे नक्की बघा, नाहीतर तुमचा संदर्भ शोधणारा भलत्याच खंडात पान शोधत बसतो.

खडूफळा

लघुकोन सर, छान लिहिलंत, काँग्रेसच्या गावांशी जोडी लावून मी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अपूर्णांक ताई, तुमचा विषयच गुणोत्तर आहे तर त्यातूनच सांगते. पीएमईच्या सुरुवातीच्या काळातच लंडनच्या चेल्सी कॉलेजात एक मोठा प्रकल्प चालू होता, अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळेतलं गणित खरोखर किती कळतं ते तपासायचा, त्यात कॅथ हार्ट होत्या. त्यातला एक प्रश्न मी अजून वर्गात वापरते. मिस्टर शॉर्ट नावाच्या चित्रातल्या माणसाची उंची पेपरक्लिपने मोजली तर ६ भरते. काडेपेटीतल्या काड्यांनी मोजली तर ४. त्याचा मित्र मिस्टर टॉल काड्यांनी मोजला तर ६ काड्या भरतो, तर त्याला किती पेपरक्लिप लागतील? उत्तर ९. पण भरपूर मुलं ८ सांगतात, आणि विचारलं तर अगदी शांतपणे समजावतात, की काड्या दोनने वाढल्या म्हणून क्लिपाही दोनने वाढल्या. मुलं इथे अंदाजपंचे बोलत नाहीत, त्यांच्याकडे एक पद्धत आहे, ती बेरजेची आहे आणि इथे गुणाकाराची हवी होती एवढंच. चुकीचं उत्तर हे चुकीच्या पण सुसंगत विचाराचं फळ असतं, तो विचार शोधायचा, हा त्या पिढीचा ध्यास होता आणि तेच त्यांचं मानसशास्त्र. पुढे १९९० ते १९९२ याच हार्टबाई पीएमईच्या अध्यक्ष होत्या.

सुरुवातीचे अध्यक्ष बघा म्हणजे कळेल. फिशबाइन यांचं काम अंतःप्रेरणेवर. गुणाकार म्हणजे परत परत बेरीज असं मनात पक्कं बसलं की मुलाला वाटतं गुणाकाराने संख्या वाढलीच पाहिजे, मग ०.६ ने गुणायची वेळ आली की ते बिचकतं आणि भागाकार करून मोकळं होतं. त्यांच्यानंतर वॉरिकचे रिचर्ड स्केम्प, आधी गणिताचे शिक्षक आणि मग मानसशास्त्रज्ञ. अपूर्णांकाच्या भागाकारात 'उलटा करा आणि गुणा' एवढं येणं वेगळं आणि ते का चालतं हे कळणं वेगळं, हा फरक त्यांनी १९७६ ला इतका नेमका मांडला की आजही शिक्षक-प्रशिक्षणात त्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यानंतर फ्रान्सचे जेरार व्हेर्न्यो. तिघांच्याही डोळ्यासमोर एक मूल आणि एक गणित.

मग बदल कुठे झाला? माझ्या मते तो समजून घ्यायचा तर रेसिफे बघा, ब्राझील, १९९५, १९ वी परिषद. त्या शहराला महत्त्व आहे कारण तिथल्या विद्यापीठातल्या तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ ला छापला होता. संशोधक गिऱ्हाईक बनून जातो, एक नारळ केवढ्याला विचारतो, बारा वर्षांचा मुलगा म्हणतो ३५. दहा हवेत, किती झाले? मुलगा जरा थांबतो आणि मोठ्याने हिशेब करतो: तीनचे १०५, अजून तीन घेतले की २१०, अजून चार हवेत, ते... ३१५... मला वाटतं ३५०. शाळेत शिकवलेलं 'पुढे शून्य द्या' त्याने वापरलंच नाही, तीन नारळांचा भाव त्याला पाठ होता तिथून तो चालत गेला. या मुलांना बाजारात जवळपास सगळे हिशेब बरोबर आले, ९८ टक्के. तसलेच हिशेब नंतर कागदावर नुसते आकडे मांडून दिले तर ३७ टक्के. तीच मुलं!

आता सांगा, याला काय म्हणाल? मुलाच्या डोक्यात गणित आहे की नाही हा प्रश्नच अपुरा पडला, कारण ते कुठे बसलंय, कोणाशी बोलतंय, कागद समोर आहे की नारळ, यावर उत्तर बदलतं. म्हणून भाषा आली, वर्ग आला, समाज आला. १९९५ ते १९९८ अध्यक्ष होते स्टीफन लर्मन, ज्यांनी पुढे या सगळ्याला सामाजिक वळण म्हटलं, आणि त्यांच्यानंतर गिला लेडर, ज्यांचं काम मुली आणि गणित यावर. तुम्हाला अलीकडच्या खंडांत जे दिसतंय ते इथून आलंय, आणि माझं स्पष्ट मत आहे की सायकॉलॉजी हा शब्द नावातून केव्हाच जायला हवा होता. नवीन मुलं नाव वाचून परत फिरतात, त्यांना वाटतं हे आपलं नव्हे.

समीकरण

खडूफळा, बाकी सगळं मान्य पण शेवटाशी मी सहमत नाही, आणि अपूर्णांक, हे तुम्ही तुमच्या दोन पानांत असं लिहू नका की आधी मानसशास्त्र होतं मग ते जाऊन समाज आला. तसं झालेलंच नाही. रेसिफेचं ते काम करणारे स्वतः मानसशास्त्रज्ञच होते आणि जर्नलही मानसशास्त्राचं. त्यांनी मूल सोडलं नाही, मुलासकट बाजार घेतला. आणि व्हेर्न्योंनाही 'एक मूल, एक गणित' यात बसवू नका, त्यांचं सगळं म्हणणंच हे की एक संकल्पना एकटी शिकली जात नाही, गुणाकार, भागाकार, गुणोत्तर, दर, अपूर्णांक हे सगळं मिळून एक क्षेत्र आहे आणि मूल ते वर्षानुवर्षं फिरून फिरून काबीज करतं. गुणोत्तरावर काम करणाऱ्याने व्हेर्न्यो सोडून चालणारच नाही.

मधली एक पायरीही राहिली, १९८७ चं माँट्रिअल, ११ वी परिषद. रचनावादावर, म्हणजे ज्ञान बाहेरून ओतलं जात नाही, शिकणारा ते स्वतः रचतो या विचारावर तिथे समोरासमोर चर्चा झाली, जेरेमी किलपॅट्रिक यांनी मुख्य व्याख्यानात त्याला खडे प्रश्न विचारले. तुम्ही जर 'वळण' दाखवणार असाल तर माँट्रिअल आणि रेसिफे दोन्ही दाखवा. नावाचं म्हणाल तर संस्थेने पुढे आपल्या उद्दिष्टात 'मानसशास्त्रीय आणि इतर पैलू' असं लिहून घेतलं आणि नाव तसंच ठेवलं. मला हे योग्यच वाटतं. त्या नावामुळे निदान एक आठवण राहते की शेवटी कोणीतरी काहीतरी शिकतंय, धोरण आणि समाज यांच्या चर्चेत ते मूल दिसेनासं होऊ शकतं, आणि काही पेपरांत होतंही.

मला अजून एक गोष्ट इतिहासात हवी वाटते जी सहसा कोणी लिहीत नाही, ती म्हणजे परिषदेचा साचा. पीएमईचा रिसर्च रिपोर्ट, म्हणजे तिथे मांडायचा संशोधनाचा पेपर, आठ पानांचा, एक ओळ जास्त नाही. तो तीन जण तपासतात. आणि तिथे गेल्यावर वीस मिनिटं मांडणी आणि वीस मिनिटं चर्चा. वीस मिनिटं चर्चा! बाकी परिषदांमधे पंधरा मिनिटं वाचन आणि 'वेळ संपली, एकच प्रश्न घेऊ' असं असतं, इथे जेवढा वेळ बोललात तेवढाच वेळ उत्तरं द्यायची, आणि समोर ज्याचा सिद्धांत तुम्ही वापरलाय तोच माणूस बसलेला असू शकतो. शिवाय वर्किंग ग्रुप, जे वर्षानुवर्षं तोच विषय धरून बसतात. १९८५ ला नेदरलँड्समधे नोर्डवायकरहाउटला प्रगत गणिती विचारांवरचा गट सुरू झाला, डेव्हिड टॉल वगैरे मंडळी, आणि १९९१ ला त्यातून जाडजूड पुस्तक आलं, विद्यापीठ पातळीचं गणित शिकणं हा संशोधनाचा विषय म्हणून उभा राहिला तो बराचसा त्या गटामुळे. आठ पानं, निम्मा वेळ चर्चा, चालत राहणारे गट, यातून विषय पुढे सरकले. गाव कुठलंही असो.

अपूर्णांक

बाप रे, एवढं सगळं एका संध्याकाळीत! सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टर शॉर्ट आणि नारळ दोन्ही मी घेणार आहे. समीकरण सर, तुमचं 'मुलासकट बाजार घेतला' हे पटलं, 'आधी हे मग ते' असंच मी लिहायला निघाले होते. खडूफळा ताई, नावाबद्दल तुमचंही चूक नाही वाटत, मीच सुरुवातीला ते मानसशास्त्राच्या लोकांचं म्हणून बाजूला ठेवलेलं होतं.

एक राहिलं. आंतरराष्ट्रीय म्हणतो खरं पण यादीत युरोपच जास्त दिसतो. बाकी जगाला यात कितपत जागा आहे? हे लिहायचं की नको? गाईडना वाद आवडत नाहीत.

खडूफळा

लिहा ना, वाद कसला, यादीच बोलते. पहिली सात वर्षं पश्चिम युरोप, एकदा अमेरिका आणि शेवटी १९८३ ला इस्रायल, बस. १९८४ ला सिडनी हा पहिला दक्षिण गोलार्ध. लॅटिन अमेरिकेत १९९० ला मेक्सिकोतल्या ओआख्तेपेकपासून सुरुवात, मग रेसिफे, मोरेलिया, २०१० ला बेलो होरिझोन्ते आणि आता सांतियागो. पूर्व आशियात १९९३ ला जपानमधलं त्सुकुबा पहिलं, मग हिरोशिमा, सेऊल, तैपेई, पुढे सिंगापूर. आफ्रिकेत मात्र दोनदाच, १९९८ स्टेलेनबॉश आणि २०१९ प्रिटोरिया, दोन्ही दक्षिण आफ्रिका. एवढा मोठा खंड आणि जवळपास पन्नास वर्षांत एकच देश, हे मला खटकतं आणि ते लिहिलंच पाहिजे. स्टेलेनबॉश झालं ते वर्णभेदाची राजवट संपून चार वर्षांनी, हेही नोंदवा, त्याआधी तिथे अशी परिषद भरणं कल्पनेतही नव्हतं.

दुसरी बाजूही द्या. स्केम्प १९९५ ला गेले, त्यांच्या नावाने एक निधी आहे, ज्या देशांतून फारसं कोणी येत नाही तिथल्या संशोधकांना परिषदेला यायला मदत म्हणून. पैसा हा एक अडसर, दुसरा इंग्रजीचा. आठ पानांत नेमकं इंग्रजी लिहिणं हे ज्याची ती भाषा नाही त्याला किती जड जातं हे मी स्वतः अनुभवलंय, विचार असतो, वाक्य सापडत नाही.

लघुकोन

थोडी भर. २०२१ ची खोन केनची परिषद पूर्ण ऑनलाइन झाली. थायलंडच्या मंडळींची एवढी वर्षांची तयारी आणि पाहुणा एकही दारात आला नाही, फार वाईट वाटलं होतं.

आता वाचायचं कसं. सगळे खंड वाचायच्या फंदात पडू नका, नंतरच्या काळात एकेका वर्षाचे चार चार खंड आहेत. जुने बरेचसे एरिक या शिक्षणाच्या डेटाबेसवर स्कॅन केलेले फुकट मिळतात, छपाई टाइपरायटरची आहे, सूत्रं कुठे कुठे हाताने लिहिलेली, पण वाचता येतं. शिवाय परिषदेनेच आपल्या कामाचा आढावा घेणारी दोन हँडबुकं काढली आहेत, एक तीस वर्षांचं २००६ ला आणि दुसरं त्यानंतरच्या दहा वर्षांचं २०१६ ला, लायब्ररीत मागवा. गुणोत्तरासाठी आधी पहिल्या हँडबुकातलं अंकगणित आणि संख्यांवरचं प्रकरण, त्यातून जे पेपर निघतील तेवढेच खंडांत जाऊन काढा. आणि उट्रेख्तला परिषद दोनदा झाली आहे, १९७७ आणि २००१, संदर्भात साल बघून घ्या, २००१ ची २५ वी.

समीकरण

हो, आणि अध्यक्षांची यादी हँडबुकात आहे, ती गावांच्या यादीशेजारी ठेवून वाचा. व्हेर्न्यो १९८२ ते १९८४, कॅरोलिन कीरन १९९२ ते १९९५ म्हणजे बीजगणित, मग लर्मन, लेडर. दोन पानांत गावं चार-पाचच घ्या, उट्रेख्त, माँट्रिअल, रेसिफे, स्टेलेनबॉश, खोन केन, आणि प्रत्येकाशेजारी तिथे कोणता प्रश्न विचारला जात होता ते लिहा. मसुदा झाला की इथे टाका, मी व्हेर्न्योंचा भाग नजरेखालून घालतो.